चार अक्षरें

रद्दीच्या दुकानांत डोकावल्यावांचून ज्यांची संध्याकाळ पुरी होत नाहीं, अशा माणसांपैकीं मी एक आहे. भिवंडीसारख्या गांवीं या व्यसनाला फारसा वाव नसेल असें परक्याला वाटेल. यंत्रमागांच्या खडखडाटांत दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस होणाऱ्या या गांवांत कागदापेक्षां सुताचा मान मोठा, हें खरेंच आहे. परंतु रद्दीवाल्यांकडे आजवर मला जीं पुस्तकें लाभलीं, तीं पाहतां माझी कांहीं तक्रार नाहीं. त्यांतल्या कांहींवर माझ्याच सहाध्यापकांच्या सह्या असतात. तीं मी मुकाट्यानें विकत घेतों आणि त्यांना कधीं दाखवीत नाहीं.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस असाच एका दुकानीं गेलों असतां तेथल्या वृद्ध मालकांनीं मला खूण करून आंत बोलाविलें. हे गृहस्थ कोकणी मुसलमान. बोलतात तें आमच्या ठाणें जिल्ह्याच्या खाडीकांठचें मराठी. फळीवरून त्यांनीं एक फडक्यांत बांधलेलें पुस्तक काढलें.

“प्रोफेसरसाहेब, आठ दिस झाले, बाजूला ठेवलंय. तराजूत घातलं नाय.”

“कां बरें?”

“लिपी वळखू येत नाय. अरबी नव्हे. पन उजवीकडून लिवलेली दिसते. म्हटलं, आत नाव असलं तर?”

“कोणाचें?”

“असंल त्याचं,” ते म्हणाले, आणि फडकें सोडूं लागले.

पुस्तकाचें मुखपृष्ठ आणि पहिलीं कांहीं पानें गेलेलीं होतीं. त्यामुळें तें केव्हां व कोठें छापलें हें सांगण्यास आधार नव्हता. एका बाजूस हिब्रू आणि दुसऱ्या बाजूस जुन्या वळणाच्या टायपांत मराठी, अशी ती रचना होती. वाळवीनें कडा खाल्लेल्या, पण मधला मजकूर शाबूत. मी किंमत विचारली. “वजन केलं नाय, तर पैसे कशाचे घेऊ?” असें म्हणून त्यांनीं तें माझ्या हातांत ठेवलें.

विद्यार्थिदशेंत ठाण्याच्या एका बेने इस्राएल मित्राकडून मीं हिब्रूचीं बावीस अक्षरें गिरवून घेतलीं होतीं. भाषा आली नाहीं. अक्षरें मात्र राहिलीं. त्या रात्रीं दिव्याखालीं तें पुस्तक उघडलें, तेव्हां पानापानावर तींच चार अक्षरें मला पुन्हां पुन्हां भेटूं लागलीं: योद, हे, वाव, हे. दुकानदारांचा तर्क खरा होता. आंत नांव होतें.

हें नांव यहुद्यांच्या पवित्र ग्रंथांत सुमारें ६,८०० वेळां येतें. आणि इतक्या वेळां लिहिलेलें हें नांव वाचणारा एकदांही उच्चारीत नाहीं. डोळ्यांपुढें हीं चार अक्षरें आलीं कीं तोंडानें म्हणावयाचें ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा प्रभु’. प्रार्थनेबाहेर बोलतांना तेंही नाहीं. तेव्हां नुसतें ‘हाशेम’, म्हणजे ‘तें नांव’. जेरुसलेमचें मंदिर उभें असतांना वर्षांतून एकदां, प्रायश्चित्ताच्या दिवशीं, महायाजक तें उच्चारीत असे, असें मिश्नांत सांगितलें आहे. इ. स. ७० मध्यें रोमनांनीं मंदिराचा विध्वंस केला, आणि नांवाचा उच्चार मंदिराबरोबरच लोपला.

लोपला, असें म्हणावयाचें कारण हिब्रूच्या लिपींत आहे. या लिपींत मुळांत व्यंजनेंच तेवढीं लिहीत. मोडी कागद ज्यांनीं वाचले आहेत त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत. लेखणी न उचलतां लिहिलेल्या त्या ओळी ज्याला मजकुराची ओळख आहे त्यालाच सुखानें वाचतां येतात. हिब्रूंत तर स्वरच वाचणाऱ्यानें आपल्या मनांतून घालावयाचे. पुढें इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धांत मासोरेत नांवाच्या पंडितांनीं अक्षरांच्या वरखालीं ठिपके व रेघा देऊन स्वर निश्चित केले. या चार अक्षरांशीं आल्यावर त्यांनीं एक सूचक गोष्ट केली: व्यंजनें त्या नांवाचीं ठेवलीं आणि स्वरचिन्हें दिलीं ‘अदोनाय’चीं, म्हणजे वाचणाऱ्याला आठवण राहावी कीं येथें दुसरा शब्द म्हणावयाचा आहे. मध्ययुगांतील ख्रिस्ती पंडितांना ही खूण उमगली नाहीं. त्यांनीं व्यंजनें आणि स्वर एकत्र जुळवून वाचलीं, आणि ‘जेहोवा’ हा शब्द जन्मास आला. इंग्रजींत तो १५३० सालीं टिंडलच्या भाषांतरांत आढळतो. ज्या नांवानें इतकीं शतकें स्तोत्रें गाइलीं गेलीं, तें नांव या रूपांत कोणत्याही यहुद्यानें कधीं उच्चारलेलें नव्हतें. मिल्टन शिकवितांना हें सांगितलें म्हणजे विद्यार्थी हंसतात. मला मात्र त्या चुकीची कींव येते. कारण ती भक्तीनें केलेली चूक आहे.

आमच्या मुलुखांतल्या लोकांस हा विषय दूरचा वाटावयाचें वस्तुतः कारण नाहीं. अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वांचल्या, आणि त्यांच्यापासून आमचा वंश वाढला, अशी बेने इस्राएलांची परंपरा आहे. त्यांचे ग्रंथ समुद्रांत गेले; भाषा कालांतरानें विसरली. घाण्यावर तेल काढणें हा त्यांचा धंदा झाला, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवतात म्हणून कुलाबा जिल्ह्यांतील लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणूं लागले. दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर हीं त्यांचीं आडनांवें आपल्या गांवांच्याच मातीचीं आहेत. सर्व विसरलें तरी दोन गोष्टी राहिल्या: शनिवारची विश्रांति, आणि ‘शेमा इस्राएल’ हे प्रार्थनेचे आरंभींचे शब्द. त्या प्रार्थनेंत तें नांव आहे, आणि त्या नांवाच्या जागीं ‘अदोनाय’. म्हणजे ज्यांना अक्षर येत नव्हतें त्यांनीं देखील तें नांव न घेण्याची रीत शतकानुशतकें सांभाळली.

पुढें १७९६ सालीं सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनीं मुंबईस पहिलें सभागृह बांधलें. बेने इस्राएल आपल्या मराठींत त्याला ‘मशीद’च म्हणत. १८३२ मध्यें जॉन विल्सन यांनीं या लोकांसाठीं मराठींतून हिब्रूचें व्याकरण लिहिलें. १८४६ मध्यें मुंबईस आणि १८७४ मध्यें पुण्यास वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाचा हागादा मराठी भाषांतरासह छापला गेला. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनीं तर हिब्रू ग्रंथांचीं भाषांतरें करण्यांत आयुष्य वेंचलें. ठाण्यास १८७९ सालीं बांधलेल्या सभागृहाचें नांव ‘शआर हाशामायिम’, म्हणजे ‘स्वर्गाचें द्वार’. माझ्या हातीं आलेलें पुस्तक या साऱ्या खटाटोपाचेंच एक पोरकें अपत्य होतें.

देवाच्या नांवाची ही आब हिब्रूंत किती दूरवर पोंचली आहे याचें एक उदाहरण मला फार आवडतें. हिब्रूंत अक्षरांनाच अंकांचें मूल्य आहे. योद म्हणजे दहा आणि हे म्हणजे पांच. तेव्हां पंधरा लिहावयाचे तर योद आणि हे लिहावयास हवेत. पण तीं तर त्या नांवाचीं पहिलीं दोन अक्षरें! म्हणून दहा आणि पांच न लिहितां नऊ आणि सहा लिहितात. सोळासाठींही तसेंच, नऊ आणि सात. आमचा वाणी खातेवहीच्या माथ्यावर आवर्जून ‘श्री’ लिहितो. त्यांचा वाणी हिशेबाच्या ओळींत देवाचें नांव चुकून पडूं नये म्हणून जपतो. एकाच आदराच्या या दोन उलट्या तऱ्हा आहेत.

या एका नांवाभोंवतीं मग पदव्यांचा परिवार जमला. ‘एल शद्दाय’ या पदवीचें मराठी बायबलांत ‘सर्वसमर्थ देव’ असें भाषांतर झालें आहे. दाराच्या उजव्या बाजूस बेने इस्राएल जी मेझुझा लावतात तिच्यावर याच पदवीचें आद्याक्षर ‘शिन’ असतें. ‘एलोहीम’ हा शब्द ‘एल’, ‘एलोआह’ यांच्या आणि अरबी ‘अल्लाह’च्याही कुळांतला. त्याचें रूप अनेकवचनी आहे. परंतु इस्राएलाच्या देवासंबंधीं तो योजिला म्हणजे क्रियापद प्रायः एकवचनी राहतें. ख्रिस्ती टीकाकारांनीं या अनेकवचनांत त्रैक्याची चाहूल पाहिली. वैयाकरण त्याला गौरवाचें बहुवचन समजतात. मराठी माणसाला गौरवाचें बहुवचन समजावून सांगावें लागत नाहीं. मात्र आपण ‘वडील आले’ म्हणतों तेव्हां क्रियापदही अदबीनें बहुवचनी होतें. आणि देवाची गोष्ट निघाली कीं ही अदब आपण उंबरठ्याबाहेर ठेवतों. वडिलांना आपण ‘अहो’ म्हणतों आणि विठोबाला ‘तूं’. तुकोबांनीं तर त्याच्याशीं भांडण मांडलें. जो अत्यंत थोर त्याच्याशीं एकेरींत बोलावें, हें आपल्या भक्तिमार्गाचें व्याकरण आहे.

मराठी भाषांतरकारांपुढें हा सारा परिवार उभा राहिला तेव्हां त्यांची त्रेधा उडाली असल्यास नवल नाहीं. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्यानें १५७९ मध्यें गोव्यास येऊन आपली भाषा आत्मसात् केली, आणि १६१६ मध्यें राचोल येथें त्याचें ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपींत छापून निघालें. त्यानें सुमारें अकरा हजार ओव्या रचल्या, आणि स्वर्गाला वैकुंठ म्हणावयास तो कचरला नाहीं. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरी यांनीं १८०५ मध्यें मत्तयाचें शुभवर्तमान मराठींत काढलें आणि १८११ मध्यें नवा करार. पुढें रूढ झालेल्या मराठी बायबलांत अशी वांटणी ठरली: त्या चार अक्षरांसाठीं ‘परमेश्वर’, अदोनायसाठीं ‘प्रभु’, एलोहीमसाठीं ‘देव’. उलट पंडिता रमाबाईंना संस्कृत शब्दांतून येणारे वेदान्ताचे ध्वनि बायबलांत नको होते. साध्या बायकांना कळेल असें मराठी त्यांना हवें होतें. मूळ हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं आयुष्याचीं अखेरचीं वर्षें या कामांत घालविलीं. १९२२ मध्यें त्या वारल्या, आणि त्यांचें संपूर्ण बायबल १९२४ सालीं केडगांवच्या मुक्तिसदनांतून प्रसिद्ध झालें. आपल्या काळीं वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं ‘सुबोध बायबल’ लिहून हेंच ओझें पुन्हां उचललें. साहित्य अकादमीनें २०१३ सालीं त्याचा गौरव केला. चार शतकें ही एकच अडचण आणि तिच्याशीं झुंजणारीं इतकीं भिन्न माणसें!

‘परमेश्वर’ या भाषांतरावर विचार केला तर एक गंमत ध्यानांत येते. परम आणि ईश्वर, म्हणजे श्रेष्ठ सत्ताधीश. हें नांव नव्हे, पदवी आहे. तेव्हां ज्या मराठी भाषांतरकारांनीं तो शब्द रूढ केला, त्यांनीं नकळत यहुदी वाचकाचीच रीत पाळली: नांव झांकलें आणि त्याच्या जागीं पदवी ठेवली.

ख्रिस्ती धर्मशास्त्राचा मोठा प्रश्नही येथूनच उगवला आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून हिब्रू ग्रंथांचें ग्रीक भाषांतर होऊं लागलें, आणि त्याचे वाचक त्या चार अक्षरांच्या जागीं ‘किरिऑस’, म्हणजे ‘प्रभु’, असें म्हणूं लागले. ग्रीकांत हा शब्द कांहीं केवळ देवाचा नव्हता. गुलाम आपल्या धन्यालाही तसेंच म्हणे. पण जेव्हां पहिल्या ख्रिस्ती लोकांनीं ‘येशू हाच किरिऑस’ अशी साक्ष दिली, तेव्हां ऐकणाऱ्या यहुद्याच्या कानांत त्या शब्दामागें कोणतें नांव घुमलें असेल याची कल्पना करावी. एका सुताराच्या मुलाला ती पदवी लावणें म्हणजे एक तर घोर पाखंड, नाहीं तर अपूर्व सत्य. मधला मार्ग नव्हता. इ. स. ३२५ मध्यें निकिया येथें जमलेल्या बिशपांनीं ज्या शब्दांवर वाद घातला त्याचें मूळ या एका पदवींत होतें. ‘ख्रिस्त’ ही देखील पदवीच. हिब्रू ‘मशीयाह’ या शब्दाचें तें ग्रीक भाषांतर. अर्थ, ज्याला तेलाचा अभिषेक झाला तो. शनिवार तेल्यांच्या कोकणांत या पदवीचा अर्थ समजावयास अडचण पडूं नये!

हा विषय मीं एकदां वर्गांत मांडला. मिल्टनचा ‘पॅराडाइज लॉस्ट’ शिकवीत होतों. आमच्या महाविद्यालयांत मोमीन विणकरांचीं मुलें आहेत, तेलंगी पद्मशाळ्यांचीं आहेत, आगऱ्या-कुणब्यांचीं आहेत. एकानें विचारलें, “सर, गॉड, लॉर्ड आणि जेहोवा, हे तिघे कीं एकच?” मीं वरील पुराण सांगितलें. मागच्या बांकावरची एक मुलगी म्हणाली, अल्लाचीं नव्याण्णव नांवें आम्हांला लहानपणीं पाठ करवितात. मीं म्हटलें, माझ्या आईला विष्णूचीं हजार पाठ होतीं. मग मीं सांगितलें कीं मार्काच्या शुभवर्तमानांत, गेथशेमानेच्या बागेंत, मरणाच्या आदल्या रात्रीं येशू देवाला हांक मारतो ती अरामी शब्दानें; आणि मार्कानें ग्रीकांत लिहितांनाही तो शब्द न बदलतां तसाच ठेवला आहे. तो शब्द ‘अब्बा’.

वर्गांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग एक मुलगा हंसून म्हणाला, “सर, हा तर आमच्या घरचा शब्द आहे.”

खरेंच होतें. अरामी काय, अरबी काय, शेजारच्याच भाषा. तो शब्द फिरत फिरत भिवंडीच्या गल्ल्यांत येऊन राहिला आहे. दिवसांतून शंभर वेळां तो माझ्या खिडकीखालून जातो. जें नांव वर्षांतून एकदां महायाजकानें घ्यावयाचें, त्या नांवाच्या धन्याला मुलगा बापाला मारतो ती हांक मारणें, या दोन टोकांमध्यें ख्रिस्ती धर्माची सारी भक्ति उभी आहे. आमच्या संतांनीं पंढरीच्या देवाला ‘माउली’ म्हटलें तें याच जातीचें धाडस.

पण नांव घेण्याची एक तिसरीही तऱ्हा आहे, आणि तीही मीं याच गांवांत पाहिली. दहा आज्ञांपैकीं देवाचें नांव व्यर्थ न घेण्याविषयींची आज्ञा सर्वांस ठाऊक असते. शपथा घेऊं नयेत, एवढाच तिचा अर्थ मी बरेच दिवस समजत होतों. मूळ हिब्रूंतील क्रियापदाचा अर्थ ‘घेणें’ एवढाच नाहीं. ‘उचलणें’, ‘वाहून नेणें’ असा आहे. देवाचें नांव पोकळ कामासाठीं उचलूं नये. हें वाचलें तेव्हां माझ्या अंगावर कांटा उभा राहिला. कारण मला १९८४ चा मे महिना आठवला.

भिवंडीनें १९७० च्या मे महिन्यांत एकदां दंगल पाहिली होती. त्याच सालीं माझा जन्म झाला. दुसरी १९८४ च्या मे महिन्यांत, तेव्हां मी चौदा वर्षांचा होतों. एका रात्रीं आमच्या गल्लीच्या दोन टोकांकडून दोन घोष ऐकूं येत होते. दोन्ही नांवें देवाचींच होतीं. दगड उचलावा तशीं तीं उचललेलीं होतीं. वडिलांनीं दाराला आंतून पलंग लावला होता. आई देवघरापुढें बसली होती. सहस्रनाम ती रोज मोठ्यानें म्हणे. त्या रात्रीं तिचे नुसते ओंठ हलत होते. बाहेर नांवाला आवाज होता, अर्थ नव्हता. घरांत अर्थ होता, आवाज नव्हता. दुसऱ्या दिवशीं मीं तिला विचारलें, काल मोठ्यानें कां नाहीं म्हटलंस? ती म्हणाली, “त्या आवाजांत माझा आवाज मिसळला असता.”

माझ्या आईला न घेतलेल्या नांवांची संवयच होती. तिनें माझ्या वडिलांचें नांव उभ्या जन्मांत उच्चारलें नाहीं. बोलतांना ‘अहो’, आणि त्यांच्याविषयीं बोलतांना ‘हे’. मंगळागौरीला, डोहाळजेवणाला बायका उखाण्यासाठीं आग्रह करीत. पण ती हंसून दुसरीलाच पुढें करी. मला, शिकलेल्या मुलाला, यांत जुन्या काळाची गुलामगिरी दिसे, आणि ती त्यांत नव्हतीच असें मी आजही म्हणणार नाहीं. वडील गेल्यावर निवृत्तिवेतनाच्या कामासाठीं मी तिला एका कचेरींत घेऊन गेलों. कारकुनानें विचारलें, “पतीचें नांव?” तिनें माझ्याकडे पाहिलें. मीं सांगितलें. तो म्हणाला, बाईंनींच सांगावयास हवें. मी कांहीं बोलणार, तोंच तिनें टेबलावरचें पेन उचललें आणि त्याच्या समोरच्या कागदावर संथपणें, एकेक अक्षर जोडून, नांव लिहिलें. कारकुनानें तें मोठ्यानें वाचलें. तिनें मान खालीं घातली.

घरीं येतांना रिक्षांत मीं तिला म्हटलें, “आतां तरी घ्यायचं होतंस. आतां कोण रागावणार होतं?”

ती म्हणाली, “राग कसला रे? नांव हांक मारायला असतं. हांक लांबच्या माणसाला मारतात. हे कधीं लांब नव्हतेच.”

त्या दिवशीं मला तें उत्तर भोळें वाटलें. पुढें पुष्कळ वर्षांनीं निर्गमाचा तिसरा अध्याय नीट वाचतांना मी थबकलों. जळत्या झुडपापाशीं मोशे देवाला त्याचें नांव विचारतो. उत्तर येतें तें नामानें नव्हे, क्रियापदानें. ‘असणें’ या धातूच्या प्रथमपुरुषी रूपानें. हिब्रूंत त्या रूपाला ‘मी आहें’ आणि ‘मी असेन’ असे दोन्ही अर्थ येतात, आणि तीं चार अक्षरेंही याच धातूचीं असावींत असें बहुतेक पंडितांचें मत आहे. ग्रीक भाषांतरानें त्यांतून ‘जो आहे तो’ असा अर्थ काढला, आणि ख्रिस्ती तत्त्वज्ञांनीं त्यावर केवलसत्तेचे मोठे इमले रचले; आमच्या वेदान्त्यांना ‘सत्’ आठवावें असे. पण दोनच ओळी आधीं तेंच क्रियापद येऊन गेलेलें असतें, आणि तेथें त्याचा अर्थ अगदीं साधा असतो. मोशे भीत असतो. देव त्याला सांगतो कीं मी तुझ्याबरोबर असेन. म्हणजे तें नांव कदाचित् सत्तेची व्याख्या नसेलच. सोबतीचें वचन असेल. आणि जो बरोबर आहे त्याला नांवानें हांक कशाला मारावयाची? माझी आई हिब्रू शिकली नव्हती.

पुढच्या रविवारीं मी तें पुस्तक घेऊन ठाण्यास मित्राकडे गेलों. त्याचीं मुलें इस्राएलांत स्थायिक झालीं आहेत. १९४८ नंतर या समाजाचीं बहुतेक कुटुंबें हळूहळू तिकडे गेलीं; भारतांत आज कांहीं हजार माणसेंच उरलीं आहेत. मित्रानें डोक्यावर टोपी घातली, चष्मा पुसला आणि मधलेंच एक पान उघडून तो वाचूं लागला. चार अक्षरें आलीं तेथें त्याचा आवाज किंचित् खालीं येई: अदोनाय. मग बाजूचें मराठी वाची. त्या मराठींत त्याच्या आजीच्या बोलण्याचा सूर होता.

“पानें सुटलीं आहेत,” तो म्हणाला. “बांधून घेण्याच्या पलीकडे गेलंय. असं पुस्तक आम्ही फेंकत नाहीं, जाळत नाहीं. आंत तें नांव असतं ना. माणसासारखं पुरतों.”

मला ठाऊक होतें. कैरोच्या सभागृहांत याच रीतीमुळें सांठून राहिलेल्या लाखों जीर्ण पानांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्वानांचे डोळे दिपविले होते. आमच्या घरचीं फाटकीं पोथीपुस्तकें आई कामवारी नदींत सोडावयास लावी. मी म्हटलें, “पुरण्याआधीं मुलांना तरी विचार. त्यांना नको का?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. “मुलांना हिब्रू येतं, मराठी वाचतां येत नाहीं. त्यांच्यासाठीं हें अर्धंच पुस्तक. तुला मराठी येतं, हिब्रू नाहीं. तुझ्यासाठीं दुसरं अर्धं. पुरं वाचणारे आतां माझ्यासारखे थोडेच.”

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. कपाटांतून त्यानें एक धुतलेला पांढरा पंचा काढला, त्यांत पुस्तक गुंडाळलें आणि तें आपल्या उशाच्या फळीवर ठेवलें. “मी असेपर्यंत राहूं दे,” तो म्हणाला. “मग माझ्याबरोबरच जाईल.”

परत आल्यावर मी रद्दीच्या दुकानीं गेलों. मालक गठ्ठे मोजीत होते. पुस्तक ज्याचें त्याच्याकडे पोंचलें, असें मीं सांगितलें.

“आत नाव होतं?”

“होतं,” मी म्हणालों. “पानोपानीं.”

“मग बरं झालं, तराजूत नाय टाकलं,” ते म्हणाले, आणि पुढच्या गठ्ठ्याची सुतळी सोडूं लागले.